ट्रॅक्टरच्या बॅटरीवर बोलणारा रेडिओ

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त केली. वीज गेली, फोन मुके झाले. तेव्हा निरोप पोचवायला हॅम मंडळी आपापले संच घेऊन आली होती. हॅम म्हणजे सरकारी परवाना असलेला हौशी रेडिओचालक. त्याला टॉवर लागत नाही. बारा व्होल्टची बॅटरी आणि तार ताणायला एखादं झाड मिळालं की त्याचं भागतं.

त्याच जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात झाडाइतकीच बॅटरीही दारात असते, ट्रॅक्टरमध्ये. पुण्याच्या वाटेत बालाघाटचे डोंगर आहेत खरे. पण दिवसा ७ मेगाहर्ट्झच्या लहरी वर जाऊन आकाशातून परततात, त्यामुळे पुण्याशी बोलताना डोंगर आडवा येत नाही.

१०० वॅटचा संच ऐकताना जेमतेम अँपिअर-दीड अँपिअर घेतो, बोलताना मात्र वीसच्या आसपास. घोडं पेंड खातं ते इथेच. संच मागतो १३.८ व्होल्ट. इंजिन चालू असेल तर तेवढे मिळतात. बंद असताना भरलेली बॅटरीही १२.६च देते. त्यात अडीच चौरस मिलिमीटरची वायर पाच मीटर ओढली, तर जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये जवळपास १.४ व्होल्ट वाटेतच मुरतात. मग बोलायचं बटण दाबलं की आवाज फाटतो, नाहीतर संचच बंद पडतो. लोक बॅटरीला दोष देतात. दोषी असते वायर. सहा चौरस मिलिमीटरची घेतली की घट निम्म्याहून कमी होते. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून एवढा करंट ओढणं तर निव्वळ आगाऊपणा.

फ्यूज बॅटरीला खेटून हवा, कारण वायर पत्र्याला घासून सोलली तर आग लागते. लाल वायरला ठीक, पण काळ्या, म्हणजे निगेटिव्ह वायरलाही फ्यूज कशाला, असं मिस्त्री विचारतो. इंजिनची अर्थिंगची पट्टी तुटली, तर सेल्फ मारताना शेकड्यातला करंट त्याच काळ्या वायरीतून रेडिओत शिरू शकतो, म्हणून. सेल्फ मारण्याआधी संच बंद करावा, हे वेगळं सांगायला नकोच.

७५ अँपिअर-अवरची बॅटरी निम्मीच वापरली, बोलणं कमी आणि ऐकणं जास्त ठेवलं, तर इंजिन न लावता सहा-सात तास निघतात. त्यापुढे ताणलं तर सकाळी ट्रॅक्टरला धक्का मारावा लागेल.

ही सगळी जोडणी गावातला कुठलाही वायरमन करू शकेल. अडतं ते परवान्यापाशी. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. तालुक्यातल्या शाळा-कॉलेजांनी दरवर्षी चार पोरं या परीक्षेला बसवावीत. वयाची अट अवघी १२ वर्षांची आहे.