माझी चूक आणि ६१७४

मागच्या महिन्याच्या भित्तिपत्रकात मी लिहिले होते की, कापरेकरांचा ६१७४ चा नियम एका संख्येला लागू पडत नाही. ते वाचून वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. पण ते चूक होते, म्हणून हा लेख लिहीत आहे.

नियम असा आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. मोठ्या अंकापासून लहान अंकाकडे मांडा, मग उलटे मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. समजा ३५२४ घेतली.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ चे केले, तर ७६४१ − १४६७ = ६१७४. परत तेच! पुढे कितीही वेळा करा, ते तिथून हलतच नाही. बाईंनी आणखी एक गंमत दाखवली. यातले प्रत्येक उत्तर ९ च्या पाढ्यात बसते. हातचा चुकला का ते मी आता त्यावरूनच बघते.

हे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली शोधले. त्यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर होते. १९८६ साली ते वारले. १९७५ साली मार्टिन गार्डनर नावाच्या लेखकाने अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा परदेशातही त्यांचे नाव झाले.

आमच्या वर्गात पैज लागली होती, की ६१७४ ला न पोचणारी संख्या कोण शोधतो. मी रोज एस.टी.च्या पाटीवरचा नंबर घ्यायची. एके दिवशी २१११ नंबरची गाडी आली. २१११ − १११२ = ९९९. पुढे ९९९ − ९९९ = ०. संपलं! मला इतका आनंद झाला की मी जेवलेच नाही.

माझा आतेभाऊ तालुक्याला कॉलेजात काम्प्युटर शिकतो. त्याला सांगितलं तर त्याने पायथन नावाच्या भाषेत आज्ञा लिहिल्या आणि १००० पासून ९९९९ पर्यंत सगळ्या ९००० संख्या तपासल्या. वेळ लागला नाही काहीच. काम्प्युटर म्हणाला, ७७ संख्या शून्यावर जातात. त्यात माझी २१११ पण होती! मग काय, मी ते भित्तिपत्रकात लिहून टाकलं.

बाईंनी लेख वाचला आणि एवढंच विचारलं, "हजाराच्या घरात काय आहे गं?" मी म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, "काहीच नाही म्हणजे शून्य ना? मग ते लिही."

मी ०९९९ लिहिले. आता बघा.

९९९० − ०९९९ = ८९९१
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आले की नाही! काम्प्युटरनेही माझ्यासारखेच केले होते. ०९९९ ला तो नुसते ९९९ समजला. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की पुढचे शून्य ठेवायचे आहे. दादा आधी म्हणाला, काम्प्युटर चुकत नाही. मग गप्प बसून एक ओळ वाढवली, उत्तर चार अंकी नसेल तर पुढे शून्ये लाव. आता ७७ मधल्या ६८ संख्या बरोबर ६१७४ ला आल्या. राहिल्या ९ : ११११, २२२२ पासून ९९९९ पर्यंत. त्या तर नियमात नकोच म्हटल्या आहेत. आणि जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात, आठवी कुणालाच लागत नाही.

म्हणून मी पैज हरले. वर्गाला पेरू द्यायचे आहेत, ते सोमवारी आणीन.

तीन अंकी संख्येला शेवटी ४९५ येते. दोन अंकी संख्या मात्र एका जागी थांबत नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ अशी गोल फिरते. हे मी पाटीवर करून पाहिले. दादाला अजून सांगितले नाही. त्याच्या पहिल्या आज्ञा ०९ चे काय करतील, ते मला आधी बघायचे आहे.