बोरिवलीच्या जंगलातले कारवीचे चार बहर

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी २००० साली फुलली, मग २००८ साली, मग २०१६ साली आणि अलीकडे २०२४ साली. अधली सात-सात वर्षं नुसता पाला. या पाव शतकात मुंबईत किती निवडणुका झाल्या याचा हिशेब ठेवणारे पुष्कळ आहेत. शहराने डोंगराशी काय केलं हे बघायचं असेल, तर मला कारवीचं कॅलेंडर अधिक भरवशाचं वाटतं.

कारवी हे सह्याद्रीचं झुडूप. डोंगराच्या उतारावर, मोठ्या झाडांच्या सावलीत किंवा झाडं विरळ झाली तिथे दाट रान करून वाढतं. पावसाळ्यात ते माणसाच्या डोक्यावरून जातं, पानं हाताला खरखरीत लागतात. उन्हाळ्यात पाला झडतो आणि मागे उभ्या काठ्या राहतात. परक्याला वाटावं, हे मेलं. मृग बरसला की त्याच काठ्या हिरव्या होतात. निसरड्या घसाऱ्यावर ज्याने एकदा कारवीचा बुंधा धरून तोल सावरला आहे, त्याला तिच्या मुळांनी माती कशी बांधून ठेवली आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

फुलं मात्र आठव्या वर्षी, ऑगस्टअखेरीपासून. निळी-जांभळी, आणि आख्खा उतार एकदम. मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं यांची झुंबड उडते. महाबळेश्वरच्या बाजूला कारवीच्या वर्षी निघणारा दाट, गडद मध जाणकार मागून घेतात. फळं धरली की झुडूप मरतं. वाळलेली बोंडं झाडावरच राहतात, आणि पुढच्या पावसाच्या पहिल्या सरी अंगावर आल्या की तडतडून फुटतात. सगळ्यांनी एकदमच का फुलावं? एक मांडणी अशी की बी एवढं पडतं, की उंदीर-पाखरांनी पोटभर खाऊनही उरतं. मला ही मांडणी पटते, कारण त्या पावसात उतारावर रोपांची दाटी दिसते.

२००० च्या बहराच्या वेळी उद्यान वेगळ्याच कारणाने गाजत होतं. वनजमिनीवरची अतिक्रमणं हटवण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश १९९७ चा. पुढची काही वर्षं हजारो झोपड्या पडत होत्या आणि त्यांत राहणाऱ्यांचं काय करायचं यावर वाद झडत होते. त्या गदारोळात फुलांकडे बघायला कुणाला सवड होती? कारवीची खबर तोंडी फिरायची, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांत आणि डोंगरवेड्यांत. जंगलातल्या वारली पाड्यांना ती कुणी सांगण्याची गरजच नव्हती. त्यांच्या घराचा कूडच कारवीच्या काठ्यांचा. वर शेणमातीचा लेप, आणि लग्नकार्यात त्यावर तांदळाच्या पिठाची चित्रं. जगभर पोचलेली वारली चित्रकला मुळात या भिंतींवरची. आज कुडाच्या जागी विटा आणि पत्रा आला आहे. पक्कं घर कुणाला नको असतं, तेव्हा याबद्दल हळहळण्याचा हक्क निदान फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना नाही.

२००८ ला डिजिटल कॅमेरे आले होते. फोटो ई-मेलवरून फिरले. २०१६ ला प्रत्येकाच्या खिशात फोन होता, आणि कारवी दाखवणाऱ्या निसर्गफेऱ्यांना गर्दी होऊ लागली. त्याच वर्षी डिसेंबरात उद्यानाभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना निघाली. कागदावर ही मोठी गोष्ट. पण पुढचा बहर यायच्या आत, २०१९ च्या ऑक्टोबरात, उद्यानाला लागूनच असलेल्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं रातोरात तोडली गेली. अधिसूचनेचं वजन किती, ते तेव्हा कळलं.

२०२४ चा बहर रिळांचा. ठाण्याच्या बाजूच्या येऊरपासून कान्हेरी लेण्यांच्या वरच्या अंगापर्यंतचा निळा रंग लोकांनी घरबसल्या पाहिला. त्याच वर्षी जुलैत ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यांचं भूमिपूजन झालं. बोगदा या डोंगराच्या पोटातून जाणार, त्यामुळे वरच्या जंगलाला धक्का नाही असं सांगितलं जातं. झुडपाला पाणी डोंगराच्या पोटातूनच मिळतं, एवढं मी नोंदवून ठेवतो.

चारही बहर शेजारी ठेवले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते: दर खेपेला बघणारे वाढले, कारवीची जागा वाढली नाही. आपलं प्रेम फुलांच्या दीड-दोन महिन्यांपुरतं. केरळात मुन्नारच्या नीलकुरिंजीची कथा फार निराळी नाही. ती बारा वर्षांनी फुलते, २०१८ च्या तिच्या बहरावर महापुराने पाणी फिरवलं, आणि आता पर्यटक थेट २०३० चा हिशेब मांडून बसले आहेत.

कारवीच्या दृष्टीने कसोटीचा काळ फुलण्याचा नसतोच, त्यानंतरचा असतो. वाळलेल्या काठ्यांना वणवा लागला किंवा सरपणासाठी त्या पावसाआधीच तोडल्या, तर बी जमिनीत पडतच नाही. २०२५ च्या पावसाने बी जमिनीत टाकण्याचं काम केलं आहे. तेव्हा आता येऊरला किंवा कान्हेरीला जाल, तर पायवाट सोडून उतारावर शिरू नका, फोटोसाठी तर नकोच. पायाखाली येतील ती रोपं इंच-दोन इंचांची असोत वा हातभर, २०३२ ला फुलायची आहेत ती हीच.