कॅशबॅकचा हिशेब

हिंगणघाटच्या एका घराचं महिन्याचं बिल घेऊ. ऑनलाइन घेतलेला मोबाइल २५,००० रुपयांचा, किराणा ६,००० आणि पेट्रोल २,००० रुपयांचं. समजा, क्रेडिट कार्डावर ऑनलाइन खरेदीला ५ टक्के कॅशबॅक, इतर खर्चाला १ टक्का आणि ऑनलाइनच्या कॅशबॅकला महिन्याला १,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे.

मोबाइलचे १,२५० रुपये होतात, पण हाती हजारच येतात. किराण्याचे ६०. पेट्रोल बहुतेक कार्डांत वगळलेलं असतं, म्हणून शून्य. एकूण १,०६०, म्हणजे जेमतेम ३.२ टक्के.

तुम्ही काय घेतलं, हे बँकेला दिसत नाही. दुकानाच्या स्वाइप मशीनला दिलेला चार अंकी व्यवसाय-कोड तेवढा दिसतो. म्हणून एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांत सारख्याच तांदळाला वेगळा कॅशबॅक मिळू शकतो. वस्तू परत केली, तर तिचा कॅशबॅकही सहसा वळता होतो.

बिल मात्र पूर्ण भरा. ३३,००० थकले आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागलं, तर १,१५५ रुपये होतात. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी.