भिंतींचा विमा आणि संसाराचा विमा

विमा म्हटला की तो आयुष्याचाच, असा आपल्याकडे समज आहे. घरच्या कर्त्या माणसाची एल. आय. सी.ची पॉलिसी कपाटात जपून ठेवलेली असते; परंतु त्या कपाटाचा आणि ते ज्या भिंतीला टेकले आहे तिचा विमा क्वचितच उतरवलेला असतो. शिवडी-परळच्या चाळींतील अनेक कुटुंबे आज सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सदनिकांत राहावयास गेली आहेत. जन्माची पुंजी तेथे गुंतलेली असल्याने हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

सदनिकेत इमारत आणि सामान या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. आदर्श उपविधींनुसार इमारतीचा आग व भूकंप यांविरुद्ध विमा उतरवणे हे संस्थेचे काम आहे. आपले कपाट, फ्रीज, शिलाईयंत्र त्यात येत नाही. म्हणून प्रथम चिटणीसांकडे संस्थेची पॉलिसी पाहावयास मागावी. तीत पूर धरला आहे काय, आपण स्वखर्चाने केलेला ओटा व फरशी धरली आहे काय, हे विचारावे. इमारत सुरक्षित असेल तर आपण केवळ सामानाचा विमा घ्यावा. भाडेकरूलाही तो घेता येतो.

इमारतीची रक्कम बाजारभावाने ठरवू नये. घर जळते, जमीन जळत नाही. समजा, चटईक्षेत्र ४०० चौरस फूट आणि बांधकामखर्च फुटाला ३,००० रुपये आहे. तर १२ लाखांचा विमा पुरतो, मग सदनिकेची किंमत कोटीच्या घरात का असेना!

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. तीत आग, पूर, भूकंप, दंगल यांपासून संरक्षण मिळते. इमारतीचा विमा घेतल्यास त्याच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, सामानालाही आपोआप संरक्षण लाभते. वरील उदाहरणात ते २ लाख ४० हजार होईल. दागिन्यांसाठी मात्र वेगळे संरक्षण घ्यावे लागते. चोरीची भरपाई अशा आपत्तीनंतरच्या ७ दिवसांपुरतीच असते. एरवीच्या घरफोडीसाठी निराळी पॉलिसी लागते. जुनेपणाची झीज तर कोणीच भरून देत नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला, जळत्या कापसाच्या गासड्या वस्तीवर पडल्या आणि हजारो माणसे बेघर झाली. तेव्हा सरकारने भरपाई दिली. प्रत्येक आगीला सरकार धावून येत नाही. म्हणून सामानाची यादी, छायाचित्रे व पावत्या आजच कराव्यात, आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या घरी, नातेवाइकांकडे ठेवावी.