विश्लेषण : उणे १५ अंशांत घरच्या अंगणात पालक कसा पिकतो? काय आहे लडाखच्या हिवाळी भाजीचे तंत्र?

निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात. लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे १५ अंशांपर्यंत आणि कधी कधी त्याहूनही खाली जातो. तरीही तेथील अनेक घरांत भर हिवाळ्यात ताजा पालक खुडला जातो. त्यासाठी ना हीटर लागतो ना वीज. हे कसे घडते आणि आता त्यात अडचण कोणती, याविषयी…

भाजीचा हंगाम किती महिन्यांचा?

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. वर्षभरात येथे पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. उघड्यावर भाजी घेण्यासाठी मे ते सप्टेंबर एवढाच काळ हाती असतो. त्याआधी पेरले तर रोपे दहिवराने जळतात आणि त्यानंतर ठेवले तर उभे पीक गोठते.

या पाच महिन्यांत घरामागच्या वाफ्यांत बटाटा, गाजर, मुळा, सलगम, कोबी, फ्लॉवर, कांदा आणि पालेभाज्या घेतल्या जातात. दिवस मोठा आणि ऊन कडक असल्याने वाढ झपाट्याने होते. प्रश्न असतो तो उरलेल्या सात महिन्यांचा.

हिवाळ्यात ताजी भाजी का मिळत नसे?

लेहला जाणारे दोन मुख्य रस्ते आहेत. एक श्रीनगरहून झोजी ला खिंडीतून, दुसरा मनालीहून. बर्फवृष्टीमुळे हे रस्ते पूर्वी वर्षाचे पाच-सहा महिने बंद असत. त्या काळात ताजी भाजी केवळ विमानाने येई आणि तिचा भाव सामान्य घराला परवडणारा नसे.

त्यामुळे हिवाळ्याचे जेवण साठवणीवर चाले. बटाटा, गाजर, मुळा आणि सलगम जमिनीतल्या खड्ड्यात मातीखाली ठेवले जात. खड्डा गोठू नये, पण आत ऊबही वाढू नये, अशा बेताने तो झाकला जाई. पालेभाज्या आणि टोमॅटो उन्हात वाळवले जात. ही पद्धत आजही टिकून आहे. मात्र साठवणीत हिरवा पाला नसतो आणि वाळवलेल्या भाजीत क जीवनसत्त्व फारसे उरत नाही. घरातल्या भाजीचा प्रश्न म्हणूनच आरोग्याचाही आहे.

अंगणातला चर कसा काम करतो?

संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची (डीआरडीओ) एक प्रयोगशाळा १९६२ पासून लेहमध्ये आहे. उंचावरील जवानांना ताजे अन्न मिळावे, यासाठी तिने शेतीवर काम केले. तेथील अभ्यासातून आणि स्वयंसेवी संस्थांच्या प्रयत्नांतून जी तंत्रे घरोघरी पोहोचली, त्यांतले सर्वांत स्वस्त तंत्र म्हणजे चर.

अंगणात साधारण तीन फूट खोल चर खणायचा. तळाशी शेणखत मिसळलेली माती घालायची. वर लाकडी वासे टाकून पॉलिहाऊसचा पारदर्शक कागद ताणायचा. दिवसा ऊन कागदातून आत येते आणि माती तापते. रात्री तीच माती ऊब परत सोडते. चारही बाजूंनी जमीन असल्याने बोचरा वारा आत शिरत नाही. सूर्य कलला की कागदावर जुनी ब्लँकेट किंवा ताडपत्री टाकायची आणि सकाळी ऊन आल्यावर काढायची. हे काम एका रात्री विसरले तर महिनाभराची मेहनत गोठू शकते.

चर खणण्यातही हिशेब आहे. डिसेंबरच्या अखेरीस लेहमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंशांवर असतो. मुंबईत त्याच दिवशी तो ४७ अंशांवर असतो. सूर्य इतका खाली असल्याने तीन फूट खोल चराच्या दक्षिण काठाची सावली दुपारीही पावणेपाच फूट लांब पडते. त्यामुळे चर अरुंद किंवा फार खोल केला तर तळाला ऊनच मिळत नाही.

मातीच्या भिंतींचे हरितगृह वेगळे कसे?

ज्यांना जागा आणि थोडा खर्च शक्य आहे, ते हरितगृह बांधतात. त्याची लांबी पूर्व-पश्चिम असते. उत्तर, पूर्व आणि पश्चिम बाजूंना कच्च्या विटांच्या जाड भिंती आणि दक्षिणेला उतरता पारदर्शक कागद. काही ठिकाणी भिंत दुहेरी करून मधल्या पोकळीत गवताचा भुसा भरतात. आतली भिंत दिवसा ऊब साठवते आणि भुसा ती बाहेर जाऊ देत नाही.

महाराष्ट्रातल्या पॉलिहाऊसमध्ये उष्णता बाहेर काढण्याची धडपड असते, तर येथे ती रात्रभर धरून ठेवण्याची. लडाखमध्ये वर्षातले ३०० हून अधिक दिवस ऊन असते, म्हणजे दिवसा उष्णता भरपूर मिळते. मात्र हवा कोरडी, विरळ आणि आकाश निरभ्र असल्याने रात्री जमिनीची ऊब वेगाने निघून जाते. दुपारी मात्र येथेही झरोके उघडावे लागतात. नाही तर आत दमटपणा वाढून पाने कुजतात. पाणीही उशिरा सकाळी आणि बेतानेच दिले जाते.

पेरणीची वेळ इतकी महत्त्वाची का?

हिवाळ्यात वाढ खुंटते त्याला थंडीइतकाच लहान दिवसही कारणीभूत असतो. थंड प्रदेशातल्या बागायतदारांचा ठोकताळा असा की दिवस दहा तासांहून लहान झाला की पालेभाजी जवळपास वाढत नाही. लेहमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दिवस दहा तासांहून किंचित लहान होतो.

म्हणून हिवाळी पालक, मेथी, कोथिंबीर यांची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच उरकावी लागते. थंडी शिगेला पोहोचण्यापूर्वी रोप मोठे झाले की ते तग धरते आणि गरजेपुरती पाने खुडता येतात. पेशी गोठू नयेत म्हणून पालक थंडीत पानांमध्ये साखर साठवतो. त्यामुळे ही पाने चवीला गोडसर लागतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये याच जागेत कोबी, फ्लॉवर, टोमॅटोची रोपे तयार होतात आणि मे महिन्यात वाफ्यात जातात. उन्हाळ्यात आत टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची घेतली जाते.

मग अडचण कुठे आहे?

सर्वांत मोठी अडचण पाण्याची आहे. लडाखची शेती बर्फ आणि हिमनद्यांच्या पाण्यावर चालते. अनेक गावांत पाळीने पाणी सोडण्यासाठी ‘छुरपोन’ नेमला जातो. पेरणीला पाणी लागते एप्रिल-मेमध्ये, पण हिमनद्यांचे पाणी जोमाने येते जूनपासून. हिमनद्या आक्रसत आणि मागे सरकत असताना ही ओढ आणखी जाणवते.

यावर तोडगे निघाले तेही स्थानिक अभियंत्यांकडून. चेवांग नोर्फेल यांनी हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी दगडी बांधांमागे पसरवून गोठवले. या कृत्रिम हिमनद्यांसाठी त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांच्या ‘हिमस्तूपा’त पाणी उंचावरून पाइपने आणून थंड हवेत फवारले जाते आणि त्याचा बर्फाचा सुळका तयार होतो. शंकूच्या आकारामुळे तेवढ्याच बर्फाचा कमी पृष्ठभाग उन्हात येतो. त्यामुळे तो सपाट बर्फापेक्षा उशिरा वितळतो आणि पेरणीच्या दिवसांत पाणी देतो.

दुसरा प्रश्न खताचा. लडाखी घरातल्या कोरड्या संडासात माती-राख टाकून तयार होणारे खत आणि गोठ्यातले शेणखत यांवर वाफे पोसले गेले. फ्लशचे संडास आणि घटती जनावरे यामुळे ही साखळी तुटत चालली आहे. फ्लशला पाणीही जास्त लागते.

रस्ते खुले राहिले तर घरच्या भाजीची गरज काय?

सीमा रस्ते संघटनेच्या प्रयत्नांमुळे झोजी ला बंद राहण्याचा काळ बराच कमी झाला आहे आणि तेथे बोगद्याचे कामही सुरू आहे. मैदानातून येणारी भाजी त्यामुळे वाढणार, हे उघड आहे. तरीही हिमस्खलन किंवा दरड एका दिवसात रस्ता बंद करू शकते. ट्रकमधून कित्येक दिवस प्रवास करून आलेली पालेभाजी कोमेजते आणि तिच्या भावात वाहतुकीचा खर्चही असतो.

अंगणातला चर घराची सगळी गरज भागवत नाही. बटाटा-कांदा बाहेरून येईलच. पण रस्ता बंद असताना ताटात हिरवा पाला पडावा, एवढी हमी तो देतो. त्यासाठी लागते ती माती, कागद, जुनी ब्लँकेट, वेळेवर पेरणी आणि रोज संध्याकाळी चर झाकायला घरात कुणीतरी. यातल्या कागदासाठी मदत मिळू शकते, पण तरुण शिक्षण-नोकरीसाठी गाव सोडत असताना चर झाकायला घरात कोण उरणार, हा प्रश्न अवघड आहे.