अंगठा आणि आकडा
लेखमाला : जुनी चाकं (भाग ६)

कोलकात्याच्या एल्गिन रोडवर नेताजी भवन आहे. तिथे बोस कुटुंबाची जुनी मोटार जपून ठेवली आहे. वाँडरर डब्ल्यू २४, १९३७ सालची, जर्मन बनावटीची, चार सिलिंडरची. नंबरपाटी बीएलए ७१६९. १६ जानेवारी १९४१ च्या रात्री सुभाषबाबू नजरकैदेतून निसटले ते याच गाडीतून. गाडी चालवत होता त्यांचा वीस वर्षांचा पुतण्या, शिशिरकुमार. धनबादजवळ बरारीला दिवस काढून दुसऱ्या रात्री त्याने काकांना गोमो स्टेशनवर सोडलं.

त्या गाडीसमोर उभं राहिलं की अंगावर काटा येतो. पण लेखमालेच्या विषयाला धरून एक कोरडा प्रश्न विचारायलाच हवा. हीच ती गाडी, हे कशावरून?

मागच्या भागात आपण पाहिलं की जुन्या काळी मोटार म्हणजे दोन वेगळ्या वस्तू होत्या. खाली लोखंडी सांगाडा, म्हणजे चेसिस. गॅरेजमध्ये तिला चासी म्हणतात. वर बॉडी. रोल्स-रॉइससारखी कंपनी इंजिनासह नुसती चासी विकायची आणि बॉडी दुसराच कारागीर बांधायचा. बॉडी बदलायची, रंग बदलायचा, मालक बदलायचा. चासी तीच राहायची. म्हणून गाडीची ओळख चासीवर ठोकलेल्या आकड्यात मानली गेली. आकडा बहुधा पुढच्या भागात, स्टिअरिंगच्या पेटीजवळ किंवा पुढच्या स्प्रिंगच्या आसपास, लांब पट्टीवर पंचाने ठोकलेला असे. तोच आकडा बॉनेटखाली पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीवर पुन्हा कोरलेला असे.

ही पद्धत सगळीकडे सारखी नव्हती. फोर्डच्या मॉडेल टी गाडीची ओळख बहुतेक काळ इंजिनावरच्या आकड्याने व्हायची. नंतरच्या मॉडेल ए मध्ये इंजिनावरचाच आकडा चासीवरही ठोकत, पण तो बॉडीखाली झाकला जाई. बॉडी उचलल्याशिवाय दिसत नसे. आजचा सतरा अक्षरांचा क्रमांक १९८१ च्या सुमाराला रुळला. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. त्याआधीच्या गाड्यांना प्रत्येक कंपनीची स्वतःची भाषा होती. ती कंपनीगणिक शिकावी लागते, त्याला दुसरा मार्ग नाही.

माणूस ओळखण्याचं शास्त्र ज्या शहरात उभं राहिलं ते शहरही कोलकाताच. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय इथे १८९७ साली सुरू झालं. ठशांच्या वर्गीकरणाला एडवर्ड हेन्री या साहेबाचं नाव मिळालं, पण त्यामागची मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन बंगाली अधिकाऱ्यांची होती. त्यांची नावं शाळेच्या पुस्तकात असायला हवीत असं मला मनापासून वाटतं. चासीचा आकडा हा गाडीचा अंगठा, असं गॅरेजवाले सहज म्हणून जातात. ते अर्धंच खरं आहे. अंगठा जन्माबरोबर येतो आणि तो दुसऱ्याला देता येत नाही. आकडा मात्र माणसाने ठोकलेला असतो. जे एका हाताने ठोकलं ते दुसरा हात घासून काढू शकतो, आणि तिथे नवा आकडा ठोकू शकतो.

तरी लोखंड सहजासहजी विसरत नाही. पंचाचा घाव बसतो तेव्हा खड्ड्याखालचा धातूही दाबला जातो, आणि त्याची घडण आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळी होते. वरचा आकडा ग्राइंडरने पुसला तरी तो दाबलेला थर खाली उरलेला असू शकतो. मग पृष्ठभाग आरशासारखा घासून त्यावर क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण फिरवतात. दाबलेल्या धातूवर आम्लाचा परिणाम वेगळा होतो आणि पुसलेला आकडा सावलीसारखा वर येतो. चोरीच्या गाड्यांच्या तपासात न्यायवैद्यक प्रयोगशाळा हेच करतात. देशातली अशी पहिली राज्य प्रयोगशाळा १९५२ साली कोलकात्यातच निघाली. मात्र घासणाऱ्याने फार खोल घासलं असेल, किंवा वर वेल्डिंग करून धातू वितळवला असेल, तर लोखंडाची ही आठवण जाते.

समजा आकडा शाबूत आहे आणि अस्सल आहे. तेवढ्यानेही गाडी सिद्ध होत नाही. आपल्याकडे जमिनीचा गट नंबर असतो. पण नुसता नंबर सांगून जमीन कुणाची हे कळत नाही. सातबारा बघावा लागतो, फेरफार बघावे लागतात. कुणाकडून कुणाकडे, कोणत्या साली, कशाच्या आधारे, ही साखळी सलग आहे का, हे पाहावं लागतं. गाडीचंही तसंच. चासीचा आकडा हा गट नंबर. कारखान्याची नोंद, जहाजाची आणि कस्टम्सची कागदपत्रं, पहिली नोंदणी, त्यानंतरची प्रत्येक विक्री, विम्याच्या पावत्या, लग्नात गाडीसमोर काढलेला फोटो, हे तिचे फेरफार. आकडा म्हणजे खुंटी. तिच्यावर हे कागद टांगलेले नसतील तर नुसती खुंटी काही सांगत नाही. रोल्स-रॉइसच्या जुन्या चासींचे कागद इंग्लंडमध्ये हंट हाउस इथे तिथल्या क्लबने जपले आहेत. गेडन इथलं ब्रिटिश मोटर म्युझियम मॉरिस, ऑस्टिन, एमजीच्या पुष्कळ गाड्यांचे दाखले कारखान्याच्या वह्या पाहून देतं.

या साखळीची सर्वांत मोठी परीक्षा १९९० साली लंडनच्या न्यायालयात झाली. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटलीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकली होती. पुढे तिच्यात इतके बदल होत गेले, १९३२ मध्ये ब्रुकलंड्सला इतका भीषण अपघात झाला, की १९२९ चं लोखंड तिच्यात फारच थोडं उरलं. तिचा सौदा ठरल्यावर खरेदीदार म्हणाला, ही ती गाडी नव्हेच. न्यायाधीशांनी निकाल दिला की ही गाडी अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ आहे, कारण तिचा इतिहास कुठेही तुटलेला नाही आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नाही. मला हा निकाल पटतो. सुटे भाग बदलणं म्हणजे खोटेपणा नव्हे. मधली वर्षं लपवणं हा खोटेपणा.

आता पुन्हा एल्गिन रोडवर या. वाँडररच्या बाबतीत ही साखळी विलक्षण घट्ट आहे. गाडी बोस कुटुंबाचीच होती आणि त्यांच्याकडून त्यांच्याच संस्थेकडे आली. ज्या हाताने ती त्या रात्री चालवली त्याच हाताने पुढे त्या प्रवासाचा वृत्तान्त लिहिला. ऑडीने तिची दुरुस्ती केली आणि जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ती पुन्हा लोकांसमोर आली. वाँडरर हे ऑडीच्या चार कड्यांपैकी एक कडं, म्हणजे तसं घरचंच काम. रंग नवा, चकाकी नवी. तरी गाडी तीच, कारण कोणत्याही टप्प्यावर ती नजरेआड झालेली नाही.

सगळ्याच गाड्यांच्या नशिबी असं घर नसतं. कोलकात्याच्याच मल्लिक बाजारात जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. एका गाडीचं इंजिन, दुसरीची चासी, तिसरीची नोंदणी अशी जुळवाजुळव कुठल्याही शहरात होऊ शकते. म्हणूनच जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेले नियम महत्त्वाचे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला अशी गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

ज्यांच्या गोठ्यात, वखारीत आजोबांची गाडी ताडपत्रीखाली उभी आहे त्यांना एक कळकळीची विनंती. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला बोलावण्याआधी चासीवरचा आकडा शोधा. वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने वंगण हलकं पुसा, वर पातळ कागद धरा आणि आरटीओत छाप घेतात तशी मऊ पेन्सिल आडवी धरून घासा. आकडे एकेक करून कागदावर उमटतील. आठाच्या वरचं वर्तुळ जरा लहान असेल, एखादा सात तिरका बसलेला असेल. त्या दिवशी पंच धरणाऱ्या कामगाराचा हात तसा होता. कागदाच्या कोपऱ्यात तारीख टाका, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि तो जुन्या आरसी बुकात ठेवा. रंगाचं नंतर बघू.