"घरीच असतेस ना?" : फ्रीलान्स लिहिण्याचे पैसे येतात कुठून, आणि कधी

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं तेवढी पूर्ण केली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, भांडी घासत असाल तर फोन नळापासून लांब ठेवा. आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेले काही महिने मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "ताई, मलाही लिहायचंय. फ्रीलान्स करून घर चालतं का?"

चालतं. पण लिहिता येणं हा त्यातला निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा भाग कागदपत्रांचा आणि वाट बघण्याचा आहे, आणि तो कुणी शिकवत नाही. आज त्याच निम्म्या भागाबद्दल बोलू. सुरुवात मात्र कामापासून करते, कारण ते ऐकल्याशिवाय पैशांचं गणित कळणार नाही.

मी दिवसभर करते काय?

शेजारच्या काकूंच्या मते मी दिवसभर सिरीयल बघते. त्यांचं अगदीच चूक नाही. माझ्या कामाचा मोठा भाग सबटायटल्स आणि डबिंगचे संवाद लिहिण्याचा आहे. त्याशिवाय जाहिरातींचा मजकूर, कधी एखाद्या अॅपची मराठी बटणं, आणि वर्षातून एकदा दिवाळी अंकाचा लेख.

सबटायटलचं काम बाहेरून सोपं दिसतं. पात्र बोललं, आपण मराठीत लिहिलं, झालं. पण डोळा वाचतो हळू आणि कान ऐकतो भराभर. त्यामुळे स्क्रीनवर एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत साधारण चाळीसेक अक्षरं, आणि तेही काही सेकंदांपुरतं. नायिका एका श्वासात बापाला पाच तक्रारी सुनावते, मला त्यातल्या तीनच बसवता येतात. कुठल्या दोन सोडायच्या, हे ठरवायचेच पैसे मिळतात असं समजा.

डबिंगची गंमत वेगळी. तिथे ओठ बघायचे. पात्राचे ओठ मिटले असतील तर तिथे प, ब, म सारखं अक्षर आलं की वाक्य तोंडात फिट बसतं. म्हणून मी टॅबलेटवर एकच सीन वीस वेळा मागे-पुढे करत असते, आणि दारातून बघणाऱ्याला वाटतं हिला वेड लागलंय.

माझी लेक सातवीत आहे आणि कोरियन मालिकांची पक्की फॅन. घरातली भाषातज्ज्ञ तीच. कोरियन मुलगी मोठ्या भावाला 'ओप्पा' म्हणते, ओळखीच्या मोठ्या मुलालाही म्हणते, आणि प्रियकरालाही म्हणते. हा शब्द २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशातही गेला. इंग्रजी सबटायटलमध्ये बऱ्याचदा तिथे त्या मुलाचं नुसतं नाव टाकून मोकळे होतात. मराठीत काय लिहिणार? 'दादा' लिहिलं तर प्रेमकथेचा तिथेच रक्षाबंधन होतो. मी एकदा 'अहो' लिहून बघितलं. सासूबाई मागून वाचत होत्या, म्हणाल्या, "लग्नाआधीच अहो? यांचं ठरलंय का घरच्यांनी?" मुद्दा बरोबर होता, 'अहो' गेलं.

पण एका बाबतीत मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. कोरियनमध्ये आदराने बोलायची आणि जवळिकीने बोलायची भाषा वेगळी. मालिकेत दोघं पहिल्यांदा आदराची भाषा सोडतात, तो मोठा क्षण असतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'. आपल्याकडे 'तुम्ही' वरून 'तू' वर यायचं, बस्स! एका अक्षरात काम होतं. मात्र हे काम बहुतेक वेळा इंग्रजी मजकुरावरून करायला देतात, त्यात हा फरक पुसलेला असतो. तो मूळ आवाज ऐकून शोधावा लागतो, आणि त्या शोधण्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

जूनचं काम, सप्टेंबरचे पैसे

आता मुद्द्याची गोष्ट. नोकरीत महिना संपला की पगार येतो. आमच्याकडे एक लांबलचक रांग असते. समजा मी ५ जूनला काम दिलं. पंधरा दिवसांनी 'ओके' आलं. मग बिल पाठवलं. त्यांचा नियम म्हणे बिल मिळाल्यापासून ६० दिवस. म्हणजे ऑगस्टचा शेवट. मधे कुणीतरी सुट्टीवर असतं. मग आला गणपती. सप्टेंबरमध्ये बँकेचा मेसेज वाजतो. थोडक्यात, आज मी जो किराणा भरते तो तीन महिन्यांपूर्वीच्या लिखाणाचा असतो.

म्हणून सुरुवात करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: कामं मिळायला लागली की लगेच नोकरी सोडू नका. बिलांचे पैसे यायला लागले की मग विचार करा. या दोन गोष्टींमध्ये तीन-चार महिन्यांचं अंतर असतं आणि माणसं त्याच अंतरात कर्ज काढतात.

दुसरं, मेसेज वाजला तरी आकडा कमी दिसतो. घाबरू नका, तो टीडीएस. समजा बिल ६०,००० रुपयांचं आहे. कंपनी व्यावसायिक फीवर १० टक्के, म्हणजे ६,००० रुपये कापून सरकारकडे भरते आणि तुम्हाला ५४,००० देते. एका कंपनीकडून वर्षाला ५०,००० पर्यंत फी असेल तर ही कपात होत नाही. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची, आधी ३०,००० होती. पॅन दिला नाही तर १० ऐवजी २० टक्के कापतात, म्हणून बिलावर पॅन हवाच.

आणि हे ६,००० बुडालेले नसतात! ते तुमच्या नावावर आगाऊ भरलेला कर म्हणून जमा असतात. आयकराच्या साइटवरच्या तुमच्या कर-उताऱ्यात दिसतात. रिटर्न भरलं की तुमच्या करातून वजा होतात, कर कमी असेल तर परत येतात. माझ्या ओळखीतल्या कितीतरी नव्या लेखकांनी "आपलं उत्पन्नच कमी आहे" म्हणून रिटर्न भरलं नाही, आणि स्वतःचेच पैसे सरकारकडे ठेवून दिले.

जीएसटीचं विचाराल तर, नुसती सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीवर नोंदणी लागत नाही. सिनेमाची कथा, पटकथा, संवाद, गाणी लिहिणाऱ्यांना आयकरात एक सोपी योजनाही आहे. मिळालेल्या रकमेतला निम्मा भाग उत्पन्न धरायचा आणि त्यावर कर भरायचा, प्रत्येक खर्चाची पावती सांभाळायची गरज नाही. जाहिरात किंवा ब्लॉग लिहिणारे त्यात बसतात का, हे मात्र सीएला विचारूनच ठरवा. आणि कलमांचे नंबर पाठ करत बसू नका. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आलाय, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात नंबर बदललेत.

पैसे अडकले तर?

माझे अडकले होते. एका निर्मिती संस्थेने आठ भागांचं काम घेतलं, मालिका आली, चालली, लोकांनी त्यातले संवाद रीलवर वापरले, आणि माझं बिल सात महिने 'प्रोसेसमध्ये' होतं. त्याच काळात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं. नवऱ्याच्या पगारातून घराचा हप्ता जातो, औषधपाण्याचं आणि शाळेचं माझ्याकडे. ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. माझ्याच लिहिलेल्या ओळींवर लोक हसतायत आणि मी दवाखान्यात तारीख बदलून मागतेय, हे फार टोचतं हो.

मग एका मैत्रिणीने उद्यम नोंदणीबद्दल सांगितलं. ती माझ्याकडे आधीपासून होती, बँकेच्या कामासाठी केलेली, पण तिचा हाही उपयोग असतो हे तेव्हा कळलं. ऐका नीट. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. तो फक्त कारखान्यांसाठी नाही. सेवा देणारी एकटी व्यक्तीसुद्धा 'सूक्ष्म उद्योग' म्हणून नोंद करू शकते. नोंदणी आधारवर, ऑनलाइन आणि फुकट. पैसे मागणाऱ्या साइट्स दिसल्या तर बंद करा.

या कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी असं आहे की लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. म्हणजे ते मघाचे '६० दिवस' कायद्यात बसतच नाहीत. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते, ती राज्याच्या परिषदेकडे जाते. फक्त नोंदणी काम घेण्याआधी झालेली हवी. भांडण सुरू झाल्यावर केलेल्या नोंदणीवर वाद होतात.

मी पोर्टलपर्यंत गेलेच नाही. एक शांत मेल लिहिला: बिलाची तारीख, काम स्वीकारल्याच्या मेलची तारीख, उद्यम क्रमांक, कायद्याचं नाव, आजपर्यंतचं व्याज. रागाचा एक शब्द नाही. अकराव्या दिवशी मुद्दल आलं. व्याज आलं नाही, आणि त्या संस्थेकडून पुन्हा कामही आलं नाही. हेही सांगते, कारण हक्क मागण्याची किंमत असते. ती परवडावी म्हणून एकाच क्लायंटवर घर चालवू नका.

नाव कुणाचं, हक्क कुणाचे?

१९७३ च्या 'जंजीर'ची गोष्ट ऐकलीच असेल. पोस्टरवर लेखकांचं नाव नव्हतं, तर सलीम-जावेद यांनी माणूस लावून मुंबईतल्या पोस्टर्सवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं. पुढे राज्यसभेत खासदार असताना जावेद अख्तर यांनी लेखक-संगीतकारांच्या हक्कांसाठी किल्ला लढवला आणि २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. सिनेमासाठी लिहिलेल्या साहित्याचा थिएटरबाहेर वापर झाला तर त्याच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा आता करार करूनही काढून घेता येत नाही.

आपल्यासारख्यांनी करारात तीन गोष्टी बघायच्या. पहिली, मुदत. लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. दुसरी, प्रदेश. लिहिला नसेल तर फक्त भारत. तिसरी, रॉयल्टी आणि श्रेयनामावलीतलं नाव. आणि हक्क द्यायचे तर लेखी, सहीनिशी. फोनवर "चालेल" म्हटल्याने हक्क जात नाहीत. मोठ्या करारांत मात्र "संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी" असं चक्क लिहिलेलं असतं. माझ्या लेकीने वाचून विचारलं, "मंगळावर पण?" हो बाई, मंगळावर पण. म्हणून सहीच्या आधी वाचा. सगळं बदलून मिळत नाही, पण "श्रेयात नाव हवं" एवढं मागितलं तर बऱ्याचदा मिळतं. आणि अनुवाद हीसुद्धा साहित्यकृती आहे, परवानगीने केलेल्या अनुवादावर अनुवादकाचा स्वतःचा हक्क असतो.

हे सगळं नवीन आहे असं समजू नका. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक पावसाळ्यात लिहितो आणि दिवाळीत छापून येतो. मानधन त्यानंतर. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. सतत लिहून वाचक जोडायचा आणि त्यावर जगायचं, ही आपल्याकडची जुनीच वाट आहे. फक्त आता बिल पीडीएफमध्ये जातं.

घरात राहून घराबाहेर असणं

"घरीच असतेस ना" म्हणजे गॅस सिलिंडर, कुरिअर, पाहुणे, सगळं आपल्याकडे. आम्ही एक साधी पद्धत ठरवलीय. मी हेडफोन गळ्यात घातले तर बोला, कानावर असतील तर घराला आग लागली तरच बोला. सासूबाईंनी सुरुवातीला ते मनावर घेतलं नाही. मग मी त्यांना बँकेचा मेसेज दाखवला आणि सांगितलं, हा त्या ओप्पाच्या मालिकेचा. आता शेजारच्या काकूंना त्याच दारातून परत पाठवतात: "ती ऑफिसात आहे."

आणि आवडीचं काय होतं? खरं सांगू, कामासाठी बघायला लागलं की आवड पातळ होते. कुठलाही सिनेमा बघताना मी मनात ओळी तोडत असते. त्यावर आमचा उपाय म्हणजे शनिवारची रात्र. सगळ्यांनी मिळून, मूळ भाषेत, लेकीच्या पसंतीचं. पॉज बटण सासूबाईंकडे आणि वहीला बंदी.

तर मंडळी, उजळणी. उद्यम नोंदणी आजच करा. बिलावर तारीख, पॅन आणि पैसे देण्याची मुदत लिहा. काम स्वीकारल्याचा मेल जपून ठेवा. रिटर्न भरा. तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात साठला की मग राजीनाम्याचा विचार करा.

पुढच्या भागात बोलू दर कसा ठरवायचा यावर: शब्दावर, मिनिटावर की लंपसम. तुमचे अनुभव व्हॉइस नोटने पाठवा, कंपन्यांची नावं न घेता. सासूबाई हाका मारतायत, सिलिंडर आलाय बहुतेक. चला, भेटू!